तिघांच्या हातचं पाणी

मी दिसतो कसा ते आधीच सांगून टाकतो. खाली फुगलेला राखाडी बुंधा, वर चार-पाच आखूड फांद्या आणि फांद्यांच्या टोकांना झुपकाभर पानं. मला पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास हसतो. मी अडेनियम. आमचं कूळ मूळचं कोरड्या, रेताड मुलखातलं. तिथे पावसाचा काही भरवसा नसतो, म्हणून मिळेल तेवढं पाणी आम्ही बुंध्यात साठवून ठेवतो. महिनाभर कुणी विचारलं नाही तरी माझं काही अडत नाही.

तरीही मी एकदा मरता मरता वाचलो. तहानेनं नव्हे, पाण्यानं.

मला लावलं ते या घरातल्या थोरल्या मुलानं. तो वीज खात्यात वायरमन होता. एका बंगल्याची लाईन दुरुस्त करायला गेला, तिथल्या झाडाची शेंग नुकतीच उकलली होती. मालकिणीला विचारून त्यानं बारा बिया खिशात टाकून आणल्या. तांदळाएवढ्या बिया, दोन्ही टोकांना उडायला केसांचे झुपके. जुन्या पसरट भांड्याला त्यानं खिळ्यानं भोकं पाडली, वाळू, विटांचा चुरा आणि थोडं पालापाचोळ्याचं खत कालवलं आणि आम्हाला त्यात आडवं निजवलं.

"एवढ्या वाळूत काय उगवणार आहे, डोंबल?" आई म्हणाली.

"उगवेल गं. दम धर जरा."

सात उगवलो. सहा त्यानं कामावरच्या मित्रांना वाटून टाकले, मला ठेवून घेतलं. का, ते मला माहीत नाही. सगळ्यात ठेंगणा मीच होतो.

पाच वर्षं त्यानं मला वाढवलं. गच्चीच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या कडेला, जिथे दिवसभर ऊन मिळेल पण पावसाची झड थेट लागणार नाही अशी जागा त्यानं हेरून ठेवली होती. वर्षाआड कुंडी बदलायचा, आणि दर वेळी मला बोटभर वर उचलून लावायचा, म्हणजे माझ्या जाड मुळ्या मातीबाहेर दिसाव्यात. थंडीत माझी पानं झडली की आई हळहळायची. तो म्हणायचा, "झोपलाय तो. झोपू दे." तिसऱ्या वर्षी मला पहिलं फूल आलं, आत फिकट, कडेला गडद गुलाबी. त्यानं सगळ्या घराला हाका मारून वर बोलावलं. धाकटी बहीण धावत आली, आई ओल्या हातांनी आली. वडीलही आले, फूल बघितलं, मान हलवली आणि खाली गेले.

वडील शिंपी. घराखाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान. मोजकं बोलणारा माणूस. "बाबांच्या तोंडात कायम टाचण्या असतात, बोलतील कसे?" असं धाकटी म्हणायची. आई मोठ्या दवाखान्यात चादरी धुवायच्या विभागात कामाला. धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नुकतीच लागलेली. मला घरात ढेरपोट्या म्हणत. प्रशिक्षणासाठी आठवडाभर बाहेरगावी जाताना थोरला सगळ्यांना बजावून गेला होता, "ढेरपोट्याला उपाशी ठेवलंत तरी चालेल. पण लाडानं पाजत बसू नका."

मग तो दिवस आला. लाईन बंद केली आहे असं त्याला खालून सांगण्यात आलं होतं. तो खांबावर चढला. लाईन बंद नव्हती.

मला हे त्या दिवशी कळलं नाही. झाडाला निरोप कोण देणार? गच्चीवरच्या दोरीवर त्याचा गणवेशाचा दुसरा जोड वाळत घातला होता, तो पाच दिवस तसाच राहिला. उन्हानं कडक झाला, वाऱ्यानं दोरीभोवती गुंडाळला गेला. सहाव्या दिवशी आई वर आली. तिनं तो काढला, घडी घातली, घडी मोडली, पुन्हा घातली. मग तिथेच खाली बसली. तेव्हा मला कळलं.

त्यानंतर घरात त्याचं नाव निघेनासं झालं. आपण नाव काढलं तर दुसरा कोसळेल, या भीतीनं तिघांनीही तोंडं मिटून घेतली. जेवायला बसत, ताटं उचलत, आपापल्या कामाला जात. शिलाई मशीन तेवढं पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालायचं.

पण तिघं माझ्याकडे येत. एकेकटे.

वडील पहाटे येत, दुकान उघडायच्या आधी. तांब्याभर पाणी हळूहळू ओतत. मुलाशी कधी चार वाक्यं सलग न बोललेला हा माणूस माझ्याशी बोलायचा. "त्या दिवशी सकाळी शर्टाचं बटण तुटलं म्हणून आला होता माझ्याकडे. मी म्हटलं, आत्ता गिऱ्हाईकाचं काम आहे, संध्याकाळी लावतो." एवढंच. रोज तेच. "जन्मभर लोकांची बटणं लावली रे मी," असं म्हणून ते तांब्या उपडा करत आणि खाली जात.

दुपारी कामावरून आली की आई यायची. साबणानं हातांची सालं निघालेली. "तहानला असशील," म्हणायची आणि मगभर पाणी घालायची. मग हलक्या आवाजात तक्रार सांगायची, "यांच्या डोळ्यांत टिपूस नाही बघ. दगडाचं काळीज असतं एकेकाचं."

संध्याकाळी धाकटी. ती तर रागातच असायची. "आईबाबांना तुझी आठवणसुद्धा नाही. मी नसते तर वाळून गेला असतास." आणि बाटली रिकामी करायची.

मी तिघांचं ऐकत होतो आणि तिघांचं पाणी पीत होतो. मला ओरडून सांगावंसं वाटे, की अहो, थांबा! खाली जाऊन एकमेकांशी बोला! पण आमच्या जातीला तोंड नाही. त्यात दिवस ढगाळ, ऊन नाही. माती सुकेना. माझ्या मुळ्या गुदमरू लागल्या. एक पान पिवळं पडलं, मग दहा. पानं पिवळी पडलेली पाहून त्यांना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी आणखी घातलं.

एका रविवारी वडिलांनी मला उन्हाकडे वळवायला कुंडी धरली आणि त्यांचा अंगठा माझ्या बुंध्यात शिरला. पिकून सडलेल्या फळात शिरावा तसा. ते जोरात ओरडले. एवढा मोठा आवाज त्या घरानं कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. आई आणि धाकटी धावत वर आल्या. तिघांनी माझ्याकडे बघितलं आणि तिघांचे चेहरे पांढरेफटक पडले. पुन्हा एकदा तेच होणार, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

दोन गल्ल्या सोडून एक रोपवाटिका होती. तिथल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. वडिलांनी कुंडी पोटाशी धरली, मागे आई, मागे धाकटी, अशी आमची वरात तिथे पोचली. मावशींनी माझा वास घेऊन बघितला आणि मला कुंडीतून उपसून काढलं. मुळ्यांचा चिखल झाला होता.

"पाणी कोण घालतं याला?"

"मी," तिघं एकदम म्हणाले.

मावशींनी मान वर केली. "किती दिवसांनी?"

"रोज," वडील म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही? तुम्ही कधी घालता?"

"पहाटे. आणि तू?"

"दुपारी. आल्या आल्या."

"मी संध्याकाळी," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही दोघं गच्चीवर जातच नाही. मला वाटलं, विसरलात त्याला."

त्याला म्हणजे मला नव्हे, हे सगळ्यांना कळलं. आईनं पदर तोंडात कोंबला. वडील खाली मातीच्या पोत्यावर बसले आणि खांदे हलवून रडू लागले, आवाज न करता. दगडाचं काळीज म्हणणारी आई त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मावशींनी त्यांना रडू दिलं. मग टोकदार सुरी पुसून पुढे केली. "माझे हात हल्ली थरथरतात. तुमच्यातलं कोण कापेल? पांढरं, टणक लागेपर्यंत कापायचं. दया केलीत तर मरेल."

"मी," वडील म्हणाले. कात्री धरून आयुष्य गेलेला हात, तो थरथरला नाही. तपकिरी, मऊ चकत्या खाली पडत गेल्या. दर चकतीनंतर ते मावशींकडे बघत आणि मावशी मान हलवत, अजून. माझा जवळजवळ अर्धा बुंधा गेला. दुखलं का, असं विचाराल तर हो, दुखलं. शेवटी पांढरं लागलं, चीक आला. मावशींनी बुरशीचं औषध चोपडलं आणि दोरी बांधून मला उलटं टांगलं.

"घरी असंच सावलीत टांगून ठेवा. महिनाभर पाण्याचा थेंब नाही. जखम वाळू दे. आणि हात धुवा हो, चीक विषारी असतो."

आईला तो महिना फार जड गेला. ती पाण्याचा मग भरून वर यायची, माझ्यासमोर उभी राहायची आणि पाणी पुन्हा बादलीत ओतायची. एकटीचा धीर सुटेल म्हणून ती धाकटीला बरोबर आणू लागली. मग वडीलही मशीन बंद करून वर येऊ लागले. घालायला पाणी नाही, करायला काम नाही. तिघं नुसती बसायची, समोर मी उलटा. आणि बोलणं सुरू झालं. आधी माझ्याबद्दल, मग त्याच्याबद्दल.

अशाच एका संध्याकाळी वडिलांनी ते बटणाचं सांगितलं. खाली मान घालून, मला सांगत तसंच.

आई थोडी पुढे सरकली. मग म्हणाली, "ते मी लावलं होतं. निघता निघता. दाराशी उभं राहूनच."

वडिलांनी वर बघितलं.

"पांढरा दोरा सापडेना, काळ्यानंच लावलं. तो हसून म्हणाला, बाबांना सांगू नकोस, शिंप्याची अब्रू जाईल."

धाकटी हसली आणि हसता हसता रडली. त्या दिवसापासून मशीन वेळेवर बंद होऊ लागलं.

जखम वाळली. मला कोरड्या रेतीत लावलं. दोन महिने काहीच घडलं नाही, आणि मग एका फांदीच्या टोकाला मुगाएवढा हिरवा ठिपका आला. तो आधी आईला दिसला. तिनं हाका मारून दोघांना वर बोलावलं.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मी पूर्वीसारखा झालो नाही, होणारही नाही. एका बाजूला खोबण आहे, त्यामुळे मी तिरका उभा असतो. यंदा सहाच फुलं आली. धाकटीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. ती फोनवर आधी माझी चौकशी करते, मग आईबाबांची, असं आई लटक्या रागानं सांगते.

तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल तर एवढंच करा. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा. आणि घरातल्या माणसांना विचारा, आज कुणी घातलं का. विचारायला लाजू नका.

आत्ता ऊन उतरलंय. आई पाण्याचा मग घेऊन वर आली आहे, वडील तिच्या मागोमाग. "आज घालायचं का हो?" ती विचारते. वडील वाकतात, कडेनं मातीत बोट घालतात, थोडा वेळ तसंच ठेवतात.

"ओल आहे अजून," ते म्हणतात. "आज नको. बस जरा."

ती हातातला मग खाली ठेवते आणि बसते.