पत्र्यामागच्या कमानी

आयोवातल्या छोट्या गावांच्या जुन्या बाजारपेठा पाहायचं लोर्ना हाकेनसनला वेड होतं आणि तिच्या धाकट्या बहिणीला, वर्डेलला, गाडी हाकायचं. त्यामुळे महिन्यातला एक शनिवार दोघींचा झकास जायचा. आज सकाळपासून दोन गावं झाली होती. तिसऱ्या गावात शिरताना मात्र लोर्नाला धाकधूक वाटायला लागली.

इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कमानी आपण बांधल्या, असं त्यांचे गवंडी आजोबा नेल्स सांगत. आजी हसायची. "घरचं धुराडं गळतंय, आणि म्हणे कमानी बांधल्या! त्या बघायला चाळीस मैल कोण जाणार?" सगळं घर आजीच्या बाजूनं. विश्वास ठेवायची ती एकटी लोर्ना, पण ती पाळण्यात असतानाच फॅशन म्हणून दुकानाचं तोंड पत्र्यानं झाकलं गेलं होतं.

आता तिथे बेकरी होती. मालकीण मारिबेल सारागोसानं सगळं ऐकून घेतलं. "वरच्या खिडकीतून पत्र्यामागचं दिसतं. दाखवू?"

"नको नको, कशाला उगाच त्रास."

या भागात दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्या आग्रहाला नाइलाजानं उठायचं असतं. पण मारिबेल टेक्सासच्या सीमेवरची. "बरं," म्हणून ती पाव काढायला गेली.

लोर्नानं एक कॉफी अर्धा तास पुरवली.

"ती आता विचारायची नाही," वर्डेल म्हणाली. "तोंड उघड."

"बरं दिसतं का ते?"

"आणि आजोबा खरे की थापाडे, हे न कळताच मेलेलं बरं दिसेल?"

लोर्ना उठली. गाल लालबुंद. "मला वर जायचंय. मघाशी नको म्हटलं, ते खोटं होतं." एकाहत्तर वर्षांत तिनं कुणाकडे असं सरळ काही मागितलं नव्हतं.

"मग तसं सांगायचं की, बाई," मारिबेल हात पुसत म्हणाली.

वरची खिडकी करकरत उघडली. खाली वाकून पाहिलं, तर बॅटरीच्या उजेडात, पत्र्यापासून हातभर आत तीन लाल कमानी उभ्या होत्या, एकही वीट न हललेल्या. मधल्या कमानीच्या माथ्यावर अक्षरं कोरलेली होती. वर्डेलनं ती मोठ्यानं वाचली, "इंगासाठी. नेल्स."

इंगा म्हणजे आजी.

"जन्मभर टोमणे खाल्ले," वर्डेल म्हणाली, "आणि हे एकदाही सांगितलं नाही?"

लोर्ना हसता हसता रडायला लागली. "ती कधीतरी आपणहून येऊन बघेल, म्हणून वाट बघत राहिले असतील गं."