पापी अडवणारी फट

सोमवती अमावास्येला डोंगरावर पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या दोन गुहांना जोडणाऱ्या अरुंद फटीतून माणसं सरपटत होती आणि अंगाला राख फासलेले भुयारनाथ महाराज गर्जत होते, "पुण्यवान पल्याड, पापी अल्याड! दगुड खोटं बोलत न्हाय!" दगड बोलतच नव्हता, सगळं महाराजच बोलत होते.

फटीपाशी शांतम्मा उभी होती. घरची म्हैस आटली ती हिच्या करणीनं, असं सासू इरम्माचं म्हणणं. सून अडकली तर लेकरू ठेवून घेऊन तिला माहेरी हाकलायचं, हे घरात ठरलं होतं. इरम्मा स्वतः सकाळीच पुढं नारळ धरून सुळकन पार झाली होती.

मी गावचा मास्तर. निजामाच्या शाळेत उर्दूतून भूगोल शिकवायचो, पण असला भूगोल माझ्या पुस्तकात नव्हता.

"आधी मी जातो," मी म्हणालो.

"नारळ न्हाय? मग हात छातीशी जोडा, मास्तर," महाराज म्हणाले.

हात जोडून शिरलो आणि मधोमध अडकलो. कोपरं दोन्हीकडं रुतली. मागं जाता येईना, पुढं सरकता येईना. भीतीनं छाती भरून घेतली, तसा दगड आणखीच आवळला. बाहेर आरोळी उठली, "मास्तर पापी!" मला खरंच रडू फुटत होतं. मला सुटायची युक्ती सापडली नाही तर शांतम्माही अशीच अडकणार आणि तिचं लेकरू जाणार, एवढंच डोक्यात होतं.

मग आठवलं: इरम्माचा हात नारळासाठी पुढं होता! श्वास सोडला, एक हात ओढून पुढं ताणला, दुसरा पोटाखाली दाबला. खांदे तिरपे झाले आणि मी पल्याड पडलो.

"पोरी, हात जोडू नको! एक हात पुढं कर, दम सोड!"

शांतम्मा बाहेर आली.

"मास्तरानं वढली तिला!" अल्याडच्या गर्दीतून इरम्मा ओरडली.

"मग तुमी या की. कुणी शिवणार न्हाय. फकस्त नारळ ठेवा आन् हात जोडा," मी तिला म्हणालो.

"पुण्यवानाला दुसऱ्यांदा परीक्षा नसती," महाराज घाईनं म्हणाले. पण इरम्मा हट्टाची. शिरली, आणि अडकली.

"काढा गं मला! जीव चालला!"

"सकाळपासनं पाप घडलं आसंल," महाराज पुटपुटले. लोक हसले.

शांतम्मा वाकली. "आत्या, हात सोडा. एक हिकडं द्या. दम सोडा."

चाचपडणारा हात तिनं धरला. इरम्मा बाहेर आली, पण तिची मान वर होईना.

"आत्या, म्या घरी येऊ का?"

"चल. लेकरू भुकेलं आसंल."

लोकहो, दगडाला पापपुण्य कळत नाही. त्यात खांदे मावतात किंवा मावत नाहीत. पुन्हा कुणी महाराज कौल द्यायला बसला, तर आधी त्यालाच हात जोडून आत पाठवा.