सर्व माहिती पुसली जाईल

अक्कलकुव्याच्या जीप स्टँडसमोर फोटो स्टुडिओ चालवणारा हारुन माणसाला कॉप्यांवरून ओळखे. पासपोर्ट फोटोच्या आठ कॉप्या नेणारा साधा माणूस. सोळा नेणारा नोकरीच्या मागे लागलेला. बत्तीस नेणारा पुढारी झालेला, नाही तर होऊ घातलेला. आणि आठ नेऊन वर दोन मागणारा हमखास नातेवाईक. तीस वर्षांत या मोजमापात फारशी चूक झाली नव्हती. फक्त स्वतःचा फोटो त्यानं कधी काढला नव्हता.

पितांबर हा बत्तीसवाला. धडगावच्या घाटात त्याच्या सात जिपा चालत आणि स्टँडवरचा नंबर त्याच्या बोटावर चाले. कोणाची गाडी आधी भरायची, कोणाची दुपारपर्यंत उन्हात तापत ठेवायची, हे तो ठरवी. फुलसिंग आठवाला. घाटाच्या वरचं गाव, एकच जीप आणि तीही जुनी. सोमवारी फुलसिंगनं नंबर नसताना नऊ माणसं भरली आणि गाडी चालू केली. पितांबरनं त्याला कॉलरला धरून खाली ओढलं आणि सीटमागची लोखंडी टामी काढली.

एकूण सात फटके. पहिला खांद्यावर, पुढचे दोन पाठीवर. चौथा गुडघ्यावर बसला तेव्हा सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. पाचवा आणि सहावा फुलसिंगनं हातावर घेतले, म्हणून हात गेले. सातवा डोक्यात. त्याआधी, चौथ्या आणि पाचव्याच्या मधे, फुलसिंग सरपटत स्टुडिओच्या पायरीपर्यंत आला होता. हारुन दारातच उभा होता. त्यानं खाली फुलसिंगकडे पाहिलं, वर पितांबरकडे पाहिलं, आणि शटर ओढून घेतलं.

स्टुडिओच्या दारावर कॅमेरा होता आणि त्याचं चित्रण आतल्या कॉम्प्युटरात साठत होतं. त्यात सातही फटके होते आणि शटर ओढणारा हारुनही होता, चार सेकंद. त्यानं ते अकरा वेळा पाहिलं. पितांबरचे फटके बघताना त्याला काही होत नसे. ते चार सेकंद आले की तो उठून पाणी पिई.

स्टँडवर साठ-सत्तर माणसं होती. पोलिसांनी विचारलं तेव्हा कळलं की ऐन वेळी सगळ्यांची तोंडं दुसरीकडे होती. नंबर लावणाऱ्याविरुद्ध बोलून गाडी कुठं भरायची? फुलसिंग नंदुरबारच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून होता, तो सांगू शकत नव्हता. म्हणजे उरलं ते हे एवढंच चित्रण. मंगळवारी फुलसिंगचा थोरला भाऊ करमसिंग आला, पायरीखालीच उभा राहिला आणि वर कॅमेऱ्याकडे बोट करून त्यानं विचारलं.

"बंद व्हता," हारुन म्हणाला. "दोन महिनापासून."

करमसिंग मान हलवून गेला. हारुननं ते ना दिलं, ना पुसलं. ठेवून दिलं. त्याची बायको अकिला म्हणाली, कोंबडी बसते तसा बसलायस त्याच्यावर, पण यातून पिल्लू निघायचं नाही.

गुरुवारी हारुन दुसऱ्याच कामात होता. धुळ्याला शिकणाऱ्या त्याच्या मुलीनं, तमन्नानं, फोनवर डोकं खाल्लं होतं. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम आता कंपनीनं वाऱ्यावर सोडली, नवी फुकट मिळते, ती घाला. पण अब्बा, थेट घालू नका. आधी व्हर्च्युअल मशीनमधे चालवून बघा. म्हणजे काय, तर कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर मांडायचा. त्याला खोटी डिस्क, खोटी मेमरी. नवी सिस्टीम त्या खोट्यात घालायची. आवडली तर खऱ्यात आणायची, नाही तर खोटा कॉम्प्युटर उचलून फेकून द्यायचा. खऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही. भांडी नीट लागावीत म्हणून मुली आधी भातुकली खेळतात, तसंच. तिनं भाषाही मराठी लावून दिली, वर म्हणाली की अब्बा इंग्रजी वाचत नाहीत, नुसतं ओके दाबतात.

हारुननं तो खोटा कॉम्प्युटर मांडला, पडदाभर मोठा केला. आता पाहणाऱ्याला वाटावं की हाच कॉम्प्युटर, दुसरा नाहीच. नव्या सिस्टीमनं विचारलं: डिस्क पूर्ण पुसून स्थापित करायची का? खाली लाल अक्षरांत इशारा होता: यामुळे डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाईल. भातुकलीच्या भांड्यांवर एवढी मोठी पाटी पाहून हारुनला हसू आलं.

ते हसू तोंडावर असतानाच पितांबर आत आला. मागून टामी घेऊन त्याचा ड्रायव्हर नथ्थू. नथ्थूनं शटर कमरेपर्यंत खाली घेतलं.

"हारुनभाई," पितांबर खुर्ची ओढून बसत म्हणाला, "तुन्हा कॅमेरामा मी दिसस म्हणे."

हारुननं करमसिंगला दिलेलंच उत्तर पुढं केलं. ते संपायच्या आत पितांबरनं त्याची मान मागून धरली आणि तोंड कीबोर्डवर आपटलं. एकदा, आणि नीट बसलं नाही म्हणून पुन्हा एकदा. तीन बटणं निखळून टेबलाखाली गेली. नाकातलं रक्त उरलेल्या बटणांवर गळायला लागलं. नथ्थूनं स्टुलावर चढून दारावरचा कॅमेरा तारेसकट उपटला आणि चपलेनं ठेचला. मग त्यानं टामी उचलली आणि कॉम्प्युटरच्या डब्याकडे वळला.

हारुनचं डोकं भीतीत नेहमी जास्त चाले.

"फोडीसन काय उपेग, भाऊ?" तो रक्त गिळत म्हणाला. "फुटेल डब्बामाईन भी पोलीस काढी लेतस. पुसनं पडी."

पितांबरनं नथ्थूला हातानं थांबवलं. "मंग पुस. मन्हा डोयासमोर."

हारुननं पडद्याकडे बोट केलं. लाल अक्षरं तशीच होती, मराठीत, कोणालाही वाचता येतील अशी. पितांबरनं ती ओठ हलवत वाचली, दोनदा. सर्व माहिती पुसली जाईल. त्याच्या तोंडावर समाधान पसरलं.

"तू बाजूले हो," तो म्हणाला. "मी दाबस."

आणि त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं दाबलं. निळी पट्टी सरकायला लागली. तिघंही तिच्याकडे बघत बसले, व्यायला टेकलेल्या मेंढीकडे बघावं तसे. अठरा मिनिटं लागली. मधे पितांबरनं चहा मागवला. हारुनलाही पाजला, नाकाला लावायला रुमाल दिला. पट्टी भरली. नवीन, स्वच्छ, रिकामा पडदा उघडला. ना लग्नाचे फोटो, ना बारशांचे, ना सोमवार.

"गयं का?"

"सगळं गयं."

जाताना पितांबरनं त्याच्या गालावर थोपटलं आणि त्याच हातानं सणकन एक ठेवून दिली. आधी खोटं बोलल्याबद्दल, म्हणाला.

हारुननं शटर वर केलं आणि एक बटण दाबलं. पडदाभरचा खोटा कॉम्प्युटर आक्रसून एवढीशी खिडकी झाला. मागं सगळं जागच्या जागी होतं. बारा वर्षांची लग्नं, आणि सोमवारही. अकिलानं नाकात कापूस कोंबताना सांगितलं की आता तरी पोलिसांना देऊन टाक. हारुन म्हणाला, थोडं थंड होऊ दे. मनात त्यानं वेगळंच मांडलं होतं. पितांबरला वाटतं चित्रण गेलं. करमसिंगला वाटतं नव्हतंच. दोघांचीही बाकी शून्य. आणि ते चार सेकंद कोणीच बघणार नाही. नाक सुजलं होतं, पण एवढा स्वस्त सौदा त्याला आयुष्यात जमला नव्हता.

एक गोष्ट मांडायची राहिली: बत्तीसवाला माणूस पराक्रम पोटात ठेवत नाही. पितांबरनं स्टँडवर जाऊन ज्याला त्याला अंगठा दाखवला. याच अंगठ्यानं पुसलं, म्हणाला, फोटोवाल्यानं समोर बसून दाखवलं, चहा पिऊन. दोन तासांत ते करमसिंगच्या कानावर गेलं. दोन महिने बंद असलेल्या कॅमेऱ्यात पुसायला काय होतं, हे समजायला त्याला कॉम्प्युटर यायची गरज नव्हती.

करमसिंग आला तो एकटा. हातात कुऱ्हाडीचा दांडा, पातं काढून ठेवलेला. म्हणजे विचार करूनच निघाला होता: मोडायचं, जीव घ्यायचा नाही. या वेळी तो पायरीखाली थांबला नाही. पहिल्या फटक्यात काउंटरची काच गेली. दुसऱ्यात प्रिंटर. तिसऱ्यात भिंतीवरच्या नवरानवरींच्या चौकटी खाली आल्या आणि काचांवर काचा पडल्या. अकिला मागच्या दारानं माणसं बोलवायला धावली. हारुन ओरडत होता की आहे, आहे, आतच आहे, ती पुसलेली डिस्क खोटी होती. एका लबाडीवर दुसरी चढवली की खरंही तिसरी लबाडी वाटतं. करमसिंगनं ऐकलंसुद्धा नाही. तो डब्याकडे वळला आणि दांडा दोन्ही हातांनी वर घेतला.

हारुन डब्यावर आडवा पडला.

हे त्यानं ठरवून केलं नाही; ठरवायला बसता तर तो टेबलाखाली गेला असता. पहिला दांडा पाठीवर बसला आणि छातीतली हवा निघून गेली. दुसरा उजव्या मनगटावर. तिथं काहीतरी सुटलं, पंजा नको त्या बाजूला वळला. तिसरा बरगड्यांवर. करमसिंगनं लाथ मारून त्याला उलटायचा प्रयत्न केला, पण हारुननं डाव्या हातानं आणि दोन्ही गुडघ्यांनी डबा असा कवळला होता की माणूस आणि डबा मिळून सरकले. चौथा खांद्यावर. हारुननं डब्याच्या पत्र्यावर ओकारी केली, पण तो सोडला नाही.

पाचव्या वेळी दांडा वर गेला आणि वरच राहिला. करमसिंगला धाप लागली होती. तो खाली बघत होता, एखादं जनावर चुकीच्या दिशेनं का पळतंय ते बघावं तसा.

"डबा रिकामा आहे ना?" तो म्हणाला.

हारुननं मान हलवली. नाही.

"रिकाम्या डब्यासाठी हाड कोण देतो," करमसिंग स्वतःशीच बोलला. मग दांडा खाली टेकला. "ऊठ. दाखव."

उठायला वेळ लागला. हारुन डाव्या हातानं माउस धरून ती छोटी खिडकी दाखवायला लागला, हे खोटं, हे मागचं खरं. करमसिंगनं त्याला थांबवलं. मला ते शिकवू नको, म्हणाला. भाऊ दाखव.

हारुननं दाखवला. आवाज नव्हता, तरी प्रत्येक फटक्याला करमसिंगचा खांदा थोडा हलत होता. तो त्याच्या भाषेत पुटपुटत मोजत होता. चौथ्यानंतर फुलसिंग पायरीकडे सरपटत आला, मान वर केली, आणि शटर खाली आलं. करमसिंग मोजायचा थांबला.

"परत," तो म्हणाला.

हारुननं परत लावलं. मग आणखी एकदा. तुटलेला पंजा त्याच्या मांडीवर लोंबत होता, पण या वेळी पाणी प्यायला उठायची सोय नव्हती. तिसऱ्यांदा शटर खाली आल्यावर करमसिंगनं चित्रण पुढं जाऊ दिलं आणि सातवा फटका डोळे न मिटता पाहिला.

"हे सगळं पोलिसांना दिसेल? तू पण?"

"दिसेल."

"ते कापता येतं?"

"येतं," हारुन म्हणाला. थांबून म्हणाला, "नाही कापत."

त्यानं पेनड्राइव्ह लावला. पट्टी सरकायला लागली. बाहेर लोक जमले होते, अकिला त्यांच्यातून वाट काढत होती. करमसिंगनं दांडा पुन्हा हातात घेतला. आता त्याला धाप नव्हती, राग दिसत नव्हता.

"आधीचे चार चुकले," तो म्हणाला. "ते माझ्यावर राहिले. हा तुझा. शटरचा."

हारुननं त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्ची टेबलापासून थोडी मागं घेतली, म्हणजे पाय मोकळा झाला. डावा हात मधे आणला नाही. दांडा गुडघ्यावर बसला. तो किंचाळला, टेबलाच्या कडेला दात लावून बसला, आणि डोळ्यांतलं पाणी थांबेपर्यंत पट्टी भरली होती. मग त्यानं पेनड्राइव्ह काढला आणि वर करमसिंगपुढे धरला.