छापलेले २३० व्होल्ट

फॉर्मवरच्या २३० मधलं शून्य डाव्या बाजूला अर्धा मिलिमीटर तुटलेलं होतं. मूळ प्रतीवर कधीतरी कण बसला असणार. तेव्हापासून प्रत्येक झेरॉक्सवर तीच फट. फॉर्म तिनेच बनवलेला. दादाच्या कारखान्यात विजेवर तापणाऱ्या शेकगाद्या बनत आणि त्या तपासायचं काम चार वर्षं तिच्याकडे होतं. व्होल्ट रोज काय मोजायचे, येतात तेवढेच येणार, म्हणून आकडा छापूनच टाकला. मोजायचा फक्त करंट.

सोमवारी तिने सहज मीटरची टोकं टेबलाच्या सॉकेटमध्ये घातली. २००. मागच्या महिन्यात दादाने गोंद वाळवायची भट्टी आणली होती, ती याच वायरवर होती. भट्टी बंद केली, २३०. चालू केली, पुन्हा २००.

गणित चार ओळींचं होतं. भट्टी आल्यापासून तपासलेल्या गाद्यांचा करंट ०.४ अँपिअर. फॉर्मप्रमाणे २३० गुणिले ०.४, म्हणजे ९२ वॅट. शंभरच्या आत, पास. पण खरे व्होल्ट २००. भागिले ०.४, रोध ५०० ओहम. हा रोध गादीबरोबर गिऱ्हाइकाकडे जातो. तिथे पूर्ण २३० मिळाले की करंट ०.४६ आणि पॉवर जवळजवळ १०६ वॅट. आतलं कापड शंभरपर्यंतच टिकतं.

भट्टी आल्यावर एकच खेप गेली होती. अठ्ठावीस गाद्या, वृद्धाश्रमात.

आज गुरुवार. तार तापल्यावर रोध वाढतो, मग करंट कमी होत असेल, अशी आशा तिने मंगळवारी धरली. पण ०.४ हा आकडा अर्धा तास तापवल्यानंतरचाच होता. बुधवारी मीटर बदलून पाहिला. तो नीट होता. दोन्ही दिवस ती दादाच्या टेबलापर्यंत जाऊन परत आली.

आत्ताही ती उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" दादा म्हणाला. "सकाळपासून फरशी झिजवतेयस."

"भट्टीची वायर वेगळी करायला हवी."

"करू की. एवढ्यासाठी तोंड पाडून बसलीस?"

"एवढंच नाहीये."

"मास्तरीणबाई, चार दिवस झाले, तुमच्या येरझाऱ्या बघतोय. पुढचं वाक्य बोला तरी."

ती बोलणार तेवढ्यात फोन वाजला. दादाने ऐकता ऐकता कागदावर ४० लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि फोनवर हात ठेवून म्हणाला, "वृद्धाश्रमाच्या सिस्टर. अजून चाळीस गाद्या हव्यात. तपासून कधी देशील, तूच सांग." त्याने फोन तिच्या हातात दिला.

"अहो, काय सांगू तुम्हाला," सिस्टर पलीकडून हसत होत्या, "आमच्या आजी दुपारी गादी लावून झोपल्या की चहालाही उठत नाहीत. आत्तासुद्धा सगळ्या घोरतायत."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. दादा तारखेची वाट बघत पेन धरून उभा होता.

"सिस्टर, आधी त्या अठ्ठावीस गाद्या प्लगमधून काढा. आत्ता, मी फोनवर आहे तोवर. माझी तपासणी चुकलीय. सगळ्या परत घेतेय."