सुगीचं डांगर आणि माझं छत

छत कसं करू नये हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडे यावं. कसं करावं हे सांगणारे गावोगाव आहेत, आणि त्यांच्यातला सगळ्यांत बडबड्या मीच होतो.

मी इसहाक, दौंडच्या रेल्वेतला सुतार. डब्यांची बाकं, खिडक्या, दारं, ही माझी रोजची कामं. एकदा साहेबलोकांच्या क्लबात मुंबईच्या कारागिरांनी पांढऱ्या प्लास्टरचं छत बसवलं आणि लाकडी सांगाडा ठोकायला मला त्यांच्या हाताखाली दिलं. जिप्सम भाजून केलेली ती पिठासारखी भुकटी. पाण्यात कालवली की बघता बघता दगड. साच्यात काथ्या अंथरून तिचे तक्ते ओतायचे, वाळवायचे आणि सांगाड्याला स्क्रूनं आवळायचे. एवढंच मी पाहिलं. पण तेवढ्यावर माझ्या डोक्यात जी हवा शिरली ती विचारू नका! स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा पिता पिता मी छतांवर उपदेश द्यायला लागलो. माणसं कप घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसायची.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. माझं लग्न ठरायचं होतं. ठरलं नव्हतं बरं का, ठरायचं होतं. शिरूरच्या बाहेर निमोण्याच्या वाटेवर आमच्या ख्रिस्ती लोकांची एक वस्ती आहे. तिथल्या शाळेचे योसेफ मास्तर. त्यांची मुलगी ग्लॅडिस नगरला ट्रेनिंग करून आली होती आणि त्याच शाळेत शिकवत होती. मला ती बघताक्षणी आवडली. मी तिला आवडलो का, हे कळायला मार्ग नव्हता, कारण पहिल्या भेटीत मी एकटाच बोललो. ती शिकलेली, मी सातवीतून पळालेला. आपण कुठं कमी पडतोय असं वाटलं की माझं तोंड दुप्पट चालतं. हा रोग मला लहानपणापासून आहे.

मास्तर माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "इसहाकराव, एवढं येतंय तर आमच्या देवळालाच एक छत करा."

प्रार्थनेच्या जागेला आम्ही देऊळच म्हणतो. वर नुसता पत्रा होता. उन्हाळ्यात आत भाकरी भाजून निघावी असा उकाडा, आणि तुळयांवर पारव्यांचं बिऱ्हाड. अब्राहाम पाळकांचा उपदेश रंगात आला की पारवे त्यात आपली भर घालायचे, आणि ती नेमकी पाळकांच्या टकलावर पडायची.

"सुगीच्या उपासनेच्या आत काम झालं," मास्तर म्हणाले, "तर त्याच रविवारी तुमच्या लग्नाची पहिली हाक देऊ."

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात दोघांची नावं पुकारतात आणि विचारतात, कुणाची हरकत आहे का? तिन्ही रविवार सुखरूप गेले की लग्न पक्कं. एखाद्या रविवारी कुणी उठून उभं राहिलं की संपलं सगळं. त्यामुळे हाक म्हटल्यावर मी मागचापुढचा विचार केला नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! रजा टाकली, भुकटीची पोती येष्टीच्या टपावर चढवली आणि पांढऱ्या भुवया घेऊन शिरूरला उतरलो.

मग सुरू झालं माझं प्रवचन. "लोक काय चुका करतात, ठाऊक आहे?" अशी रोज सकाळी सुरुवात. ऐकायला कुणी असो वा नसो. लोक ओलं लाकूड वापरतात, मग सांगाडा पीळ खातो. मी वाळलेलं सागवान आणलं. लोक साधे खिळे मारतात, मग छताला तांबडे डाग पडतात. मी जस्त चढवलेले स्क्रू आणले. लोक तक्ते ओलेच वर चढवतात, मग छताला मधोमध पोट सुटतं. मी ते शाळेच्या ओट्यावर खडखडीत वाळेपर्यंत थांबलो. लोक सगळे सांधे एका ओळीत आणतात, मग एकच तडा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातो. मी विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवले. देवाशपथ सांगतो, चारचौघांकडून होणारी एकही चूक मी केली नाही.

एक मात्र झालं. कालवलेलं प्लास्टर हातात घेऊन 'लोक फार वेळ लावतात आणि माल घमेल्यातच घट्ट होतो' हे मी दयाबाईंना, म्हणजे ग्लॅडिसच्या आईला, इतकं सविस्तर समजावलं की बोलणं संपेपर्यंत माझीच थापी घमेल्यात रुतून उभी राहिली. दयाबाईंनी ती हलवून पाहिली. "व्हय, खरं हाय तुमचं," एवढंच म्हणाल्या आणि पाण्याला गेल्या. ती थापी शेवटी हातोड्यानं फोडून काढावी लागली.

एका दुपारी शाळा सुटल्यावर ग्लॅडिस आली. दारात उभी राहून वर बघत म्हणाली, "तुळया आता झाकल्या जाणार ना?"

"अगदी! एकही दिसणार नाही."

"मग सुगीला कणसं कुठं टांगायची? आणि डांगर?"

आता हे डांगर म्हणजे काय ते सांगतो. सुगीच्या उपासनेला जो तो आपल्या रानातलं पहिलं पीक देवापुढं आणतो. बाजरीच्या कणसांचे झुबके तुळयांना बांधतात, आणि सगळ्यांत थोरला जो डांगर भोपळा येईल तो शिंक्यात घालून मधल्या तुळईला टांगतात. उपासना झाली की त्याचा लिलाव. ही त्या वस्तीची रीत. जुन्या माणसांना डांगर डोक्यावर लोंबकळताना दिसलं नाही तर सुगी झाल्यासारखी वाटत नाही.

मी काय म्हणावं? 'अरेच्चा, हे लक्षातच आलं नाही,' एवढं म्हणायचं होतं. पण माझ्या जिभेला ती वाट माहीतच नव्हती. मी म्हणालो, "बाई, ते माझ्यावर सोडा. लोक काय चूक करतात माहितीये का, छताच्या बाबतीत..." आणि पुन्हा ओलं लाकूड, गंजके खिळे, सगळी गाडी तिच्या अंगावर घातली. ती ऐकून निघून गेली.

शेवटी छताच्या मधोमध मी एक प्लास्टरचं फूल बसवलं, परातीएवढं. क्लबात तसंच होतं. त्या फुलातून पितळी आकडा खाली आला होता आणि त्याला पंखा लावला होता. आपल्याकडे वीज नव्हती, पंखा नव्हता, पण आकड्याशिवाय फुलाला शोभा कशी येणार? म्हणून मीही एक पितळी आकडा घासूनपुसून फुलात रोवला. क्लबातला आकडा वरच्या गर्डरला सळईनं धरलेला होता. माझा नुसता प्लास्टरला धरून होता.

ग्लॅडिस पुन्हा आली. "हा आकडा वर कशाला धरून आहे?"

"हत्ती बांधा, बाई, हत्ती!" मी म्हणालो. हसलोही. ती हसली नाही.

शनिवारी दुपारी वडगाव रासाईहून सावळाराम बैलगाडी घेऊन आला. माणूस आमच्यातला नव्हे, पण त्याची दोन्ही पोरं योसेफ मास्तरांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे दर सुगीला भीमेकाठच्या मळ्यातलं पहिलं फळ तो देवळाला आणून द्यायचा. त्यानं गाडीवरची पेंढी बाजूला केली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. डांगर कसलं, गाडीत जणू वासरूच निजलं होतं!

"औंदा लई पोसलंय," सावळाराम मिशीवर हात फिरवत म्हणाला. "कुठं टांगायचं?"

दयाबाई शिंकं घेऊन आल्या. सवयीनं वर बघितलं, तुळई दिसेना. पाळकांनी वर बघितलं. मास्तरांनी वर बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि त्या पांढऱ्याशुभ्र छताच्या मधोमध तो मेला आकडा चकाकत होता.

अजूनही वेळ गेली नव्हती. 'नको, तो शोभेचा आहे,' एवढे शब्द पुरे होते. पण समोर ग्लॅडिस उभी, आणि हत्तीची गोष्ट करून बसलेला मी. मी शिडी लावली, चौघांनी डांगर वर दिलं आणि मी माझ्या स्वतःच्या हातानं ते आकड्याला अडकवलं. खाली टाळ्या वाजल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण माझा तर बैल छताला टांगलेला होता.

रविवारी मी पहिल्या रांगेत बसलो, मान वर करून. लोकांना वाटलं, पोरगा मोठा भाविक. भजन सुरू झालं. आमची भजनं म्हणजे ढोलकी, टाळ, झांजा, सगळा दणका. दुसऱ्या कडव्याला फुलाच्या कडेला केसाएवढी रेघ उमटली. तिसऱ्याला ती बोटभर लांब झाली. मी उठलो आणि डांगराखाली बसलेल्या पोराटोरांना दंडाला धरधरून भिंतीकडे नेऊन बसवलं. एक म्हातारी उठेना, तर तिला सतरंजीसकट ओढली. मास्तर डोळे वटारून बघत होते. माझी तर पाचावर धारण बसलेली. 'देवा,' मी म्हणालो, 'उपदेश आखूड कर. पुन्हा आयुष्यात तोंड उघडणार नाही.'

देवानं ऐकलं. उपदेश खरंच आखूड झाला. पाळकांनी कागद काढला, चष्मा लावला आणि वाचलं, की इसहाक आणि कुमारी ग्लॅडिस यांचा पवित्र विवाह योजला आहे. "यास कोणाची काही हरकत असल्यास त्यानं आता सांगावं."

पाळक थांबले. आणि वर काहीतरी करकरलं.

फूल, आकडा, शिंकं, डांगर आणि चार तक्ते, सगळं एकदम खाली आलं. काय तो आवाज! मोकळ्या जागेत डांगर फुटलं आणि त्याच्या बिया पार पेटीवाल्याच्या मांडीपर्यंत गेल्या. पांढरा धुरळा उडाला. तो खाली बसला तेव्हा पाळक, मास्तर, दयाबाई, सगळी मंडळी नुकती चक्कीतून बाहेर आल्यासारखी दिसत होती. कुणाला लागलं नाही, हे देवाचे उपकार. वरून एक पारवा भोकातून खाली डोकावला.

मागच्या रांगेतून सावळाराम म्हणाला, "आता वरूनच हरकत आली म्हना की."

सगळं देऊळ हसलं. पाळकसुद्धा हसले. हसली नाही ती फक्त ग्लॅडिस. पदरानं तोंडावरची पांढरी धूळ पुसत ती माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. पण शाळेत पोरानं पाढा चुकवल्यावर मास्तरीण बघते ना, हा पुढच्या खेपेला तरी म्हणेल का, तसं बघणं होतं ते. त्या दिवशी येष्टीत दौंडपर्यंत मी कुणाशी एक अक्षर बोललो नाही. कंडक्टरनं विचारलं, आजारी आहात का?

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. एवढ्या भुकटीतून मला एकच गोष्ट हवी होती, आणि ती आता माझ्या हातात राहिली नव्हती. शिरूरहून होकार नाही, नकार नाही. दुसऱ्या रविवारी जावं की न जावं करत शेवटी गेलो.

उपासना बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली भरली होती. देवळात अजून बिया सापडत होत्या. मी सगळ्यांत मागं बसलो. पाळकांनी कागद काढला आणि आमची नावं पुन्हा पुकारली. "कोणाची काही हरकत असल्यास..." म्हणताना ते थांबले आणि आधी वर झाडाकडे बघितलं. त्यांच्याबरोबर सगळ्यांनी वर बघितलं. हसण्याची एक लाट उठली.

ती विरली तेव्हा ग्लॅडिस उभी होती.

संपलं, मी मनाशी म्हणालो. योसेफ मास्तर अर्धवट उठले. "ग्लॅडिस, बस खाली," दयाबाई पुटपुटल्या. ती बसली नाही.

"हरकत आहे का नाही ते अजून ठरलं नाही," ती पाळकांना म्हणाली. "मला आधी यांना एक विचारायचं आहे." मग माझ्याकडे वळली. "इसहाकराव, कणसं कुठं टांगायची? आणि डांगर?"

सगळी वस्ती मागं वळून माझ्याकडे बघत होती. माझ्या जिभेवर ओलं लाकूड आलं, गंजके खिळे आले, सांध्यांची ओळ आली. 'लोक काय चुका करतात' इथपर्यंत शब्द दातांशी येऊन उभे राहिले. ते गिळायला मला जेवढा त्रास झाला तेवढा पोती वाहताना झाला नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा म्हणालो. "तुम्ही सांगा."

"मधल्या तुळईतून लोखंडी सळई खाली सोडा, छताला भोक ठेवून. पहिल्याच दिवशी सांगणार होते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

ग्लॅडिसनं पदर सारखा केला आणि ती खाली बसली. "माझी हरकत नाही," ती म्हणाली. "पुढं वाचा, पाळकसाहेब."