आत बसायचं

“वहिनी, डोळे उघडा की. सामना बघायला आलोय आपण, ध्यानाला नाही.”

नणंदेचं बरोबर होतं, पण सिस्टरांचे डोळे काही उघडेनात. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या बसल्या होत्या. खालून चेंडूचे आवाज येत होते, बुटांचे तळवे करकरत होते आणि मधूनमधून कुणीतरी कण्हत होतं. त्या कण्हण्यातला टिल्लूचा आवाज त्यांना बरोबर ओळखू येत होता. लहानपणी तापात तो असाच कण्हायचा.

टिल्लू म्हणजे त्यांचा मुलगा. आता तो दारातून वाकून आत येतो, पण एकदा नाव पडलं ते पडलं. सिस्टरांची सगळी नोकरी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात गेलेली, त्यामुळे शेजारीपाजारीही त्यांना सिस्टरच म्हणत. थिएटरबाहेर हातपाय गाळून बसलेल्या नातेवाइकांना ‘बसा निवांत, काही होत नाही’ असं सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आज स्वतःवर वेळ आली, तर ते औषध लागू पडेना.

इस्पितळातली माणसं विज्ञानाच्या गप्पा कितीही मारोत, ड्यूटीवर ‘आज शांत आहे नाही?’ असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. म्हटलं की दारात पेशंटची गाडी आलीच म्हणून समजा. सिस्टरांनी एका नव्या डॉक्टरला या एका वाक्यासाठी सगळ्यांदेखत झापलं होतं. अशी ही बाई. टिल्लू शाळेत असताना ड्यूटी संपवून ती धावतपळत त्याचा टेनिसचा सामना बघायला गेली आणि जिंकत आलेला पोरगा हरला. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळी बस चुकली, पोचताच आलं नाही, तर पठ्ठ्या कप घेऊन घरी आला. नवरा हसत म्हणाला, “तू नव्हतीस ना, म्हणून जमलं.” तो गंमत करून मोकळा झाला, पण सिस्टरांच्या मनात ते रुतलं ते कायमचं. पोरगा पुढे खेळावरच पोट भरू लागला, गावोगाव हिंडला, पण त्यांनी त्याचा एकही सामना पाहिला नाही. तो खेळत असेल तेव्हा त्या घरातली आवरलेली कपाटं पुन्हा आवरत बसायच्या.

आणि आठवड्यापूर्वी टिल्लू स्वतःच पास घेऊन आला.

“आई, या वेळी आत बसायचं.”

“मी आले की काय होतं, ठाऊक आहे ना तुला?”

“काही होत नाही. गुडघा साथ देत नाही गं आता. हा सामना जिंकलो, तर मोठ्या स्पर्धेत जागा मिळेल, अजून वर्षभर रेटीन. हरलो तर थांबतोय. पण तू एकदाही न येता संपायला नको.”

म्हणून त्या आल्या होत्या. यायचं कबूल केलं होतं. डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे, हे काही ठरलं नव्हतं.

पहिला सेट टिल्लूने घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नणंदेने कोपराने ढोसलं आणि सिस्टरांना मोह आवरला नाही. त्यांनी डोळे उघडले.

टीव्हीवर दिसतं तसं यातलं काहीच नव्हतं. चेंडू गेला हे तो जाऊन पडल्यावरच कळत होतं. उंच खुर्चीवरचा पंच पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस म्हणत होता. पंचेचाळीस का नाही, हे नणंदेलाही सांगता येईना. हजारो माणसं असून टाचणी पडली तरी ऐकू यावं इतकी शांतता होती आणि ती त्यांना सोसवेना. टिल्लूच्या गुडघ्याला पट्टी होती. वळताना तो पाय जरा उशिरा उचलत होता. किती वर्षं हे दुखणं अंगावर काढलंय पोराने, आणि आपण कपाटं आवरत बसलो.

दुसरा सेट तो हरला.

“योगायोग हो, वहिनी,” नणंद म्हणाली. “तुमचं आपलं काहीतरीच.”

पण तिसऱ्या, निकालाच्या सेटमध्येही तो मागे पडत चालला, तशी तिची बडबड थांबली. ती रुमालाची सुरळी करायची, सोडायची. शेवटी सिस्टरांकडे न बघता हळूच म्हणाली, “वहिनी, रागावू नका. जरा पाणी पिऊन येता का?”

सिस्टर उठल्या. पर्स उचलली आणि लोकांच्या गुडघ्यांना धडकत, माफी मागत पायऱ्यांवर आल्या. बाहेरच्या वाटेवर गणवेशातल्या माणसाने दोरी लावली होती.

“आत्ता नाही जाता येणार, बाई. खेळाडू बाजू बदलतील तेव्हाच.”

“मला जाऊ द्या हो. माझा मुलगा खेळतोय.”

“मग तर थांबाच की,” तो म्हणाला.

तेवढ्यात मागे कुजबुज सुरू झाली. सिस्टरांनी वळून पाहिलं. सर्व्हिस टिल्लूची होती. तो चेंडू जमिनीवर आपटत होता, झेलत होता, पुन्हा आपटत होता. नजर आईच्या रिकाम्या खुर्चीवरून सरकत सरकत पायऱ्यांवर आली. त्याने रॅकेट खाली केली, ‘बस खाली’ अशी खूण करत. लोकांना वाटलं, खेळाडू वैतागलाय.

“अहो बाई, बसा ना खाली,” चहूकडून आवाज आले. “कळत नाही का?”

पंचानेही माइकवरून बसायला सांगितलं. इतक्या लोकांनी एकदम झापण्याची सिस्टरांची ती पहिलीच वेळ. त्या होत्या तिथेच पायरीवर बसल्या. टिल्लूने तेवढी खात्री करून घेतली आणि चेंडू वर फेकला.

मग त्यांनी डोळे मिटले नाहीत. त्या बघत राहिल्या. तो धावला, घसरला, उठला. दोनदा हरता हरता वाचला आणि तिसऱ्यांदा वाचला नाही. चेंडू जाळीला लागून त्याच्याच बाजूला पडला.

लोक उठले. समोरच्या खेळाडूभोवती कॅमेरे जमले. नणंद डोळे पुसत पायऱ्यांवर आली, “मी उगीच उठवलं तुम्हाला,” म्हणाली. सिस्टरांनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं.

खाली टिल्लू एकेक रॅकेट पुसून पिशवीत ठेवत होता. घाई नव्हती त्याला. गुडघ्याची पट्टी सोडली, तिची नीट घडी केली. मग वर पाहिलं आणि लंगडत कठड्यापाशी आला.

“संपलं, आई. जा तुम्ही बाहेर, गर्दी होईल.”

“तुझं आवरून होऊ दे,” त्या म्हणाल्या. “मी बसलेय.”