ठकीने माझ्या अंगावर बांधलेल्या लोंब्या

मी एक जुना अँटेना आहे, मित्रांनो, आणि माझ्यापुढे हात जोडणाऱ्यांचा मला राग येतो. का, ते ऐका.

साखरशेतजवळच्या एका पाड्यात, अंगणवाडीच्या पत्र्यावर, लोखंडी खांबाला मी लटकलो आहे. टॉवर लांबच्या डोंगरावर. त्यामुळे इथे मोबाईल नुसता खिशात मिरवायचा. अंगणवाडीतला टेबलावरचा फोन मात्र माझ्या जोरावर बोलतो.

कसा? माझ्या एका दांड्याचे दोन तुकडे आहेत, मध्ये नखाएवढी फट. बसवणाऱ्याने पाड्याची आशा कार्यकर्ती प्रगती हिला बजावले होते, ही फट मोकळी ठेवा. बोलले की फोनमधून वीज येते आणि त्या तुकड्यांत खाली-वर, खाली-वर धावते, सेकंदाला कोट्यवधी वेळा. दोरीचे टोक झटकले की लाट पुढे पळते, दोरी हातातच राहते. तसेच हे. वीज माझ्यातच राहते. तिच्या झटक्यांनी उठलेली लाट अंगावरून सुटते आणि उजेडाच्या वेगाने टॉवर गाठते. माझे पुढचे आखूड दांडे तिला वाट दाखवतात. गंमत म्हणजे तिला हवासुद्धा लागत नाही. मग ती कशावरून चालते? इतकी वर्षे सोडतोय, तरी मला नवलच वाटते.

गेल्या पावसाळ्यात पाड्यातल्या नवसूला साप चावला. प्रगतीने फोन लावला, दवाखान्याची गाडी आली, नवसू वाचला. भात तयार झाल्यावर त्याच्या बायकोने, ठकीने, नव्या लोंब्यांची जुडी माझ्या छातीशी बांधली. सगळ्यांनी हात जोडले. त्या दिवसापासून फोन मुका! “टॉवर गेला असंल,” म्हणून पाडा गप्प. तक्रार करायची सवयच मोडली आहे. वर कोणी बघितले नाही.

आणि एका दुपारी ठकीची सून गोदी अडली. मूल आडवे होते. पाड्यातली एकुलती जीप मोखाड्याच्या बाजाराला गेलेली. प्रगतीने फोन आपटला आणि अंगणात आली. माझ्यावर चिमण्या दाणे टिपत होत्या.

“ठकीआजी, ती जुडी कशानं बांधली?”

“तारेनं. सुतळी कुजते ना बाय.”

“अगं, तारेनं दांड्यातली फट बुजली! वीज तारेतूनच परत फिरते, बाहेर काय जाणार?”

“मंग इतके दिस सांगितलं नाय कोणी?”

“बघितलं कोणी?”

ठकीने आंबे उतरवायची आकडी आणली आणि ओरडत ओढली, “सोड रं देवा, सोड!” तार तुटली. माझा एक दांडाही वाकला. आत फोन लागला. गाडी आली.

गोदी बाळाला घेऊन परतली, तेव्हा ठकी पुन्हा लोंब्या घेऊन हजर.

“आता कुठं बांधू?”

“खांबाच्या बुडाशी. सुतळीनं,” प्रगती म्हणाली. “आन् रोज एकदा वर बघायचं.”

मित्रांनो, मी देव नाही, वाकलेला दांडा आहे. जवळ टॉवर न देता बाळंतिणीचा जीव माझ्यावर टांगून ठेवणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. तो टॉवर येईतोवर माझे स्क्रू आवळा, फट पुसा. आणि फोन मुका झाला तर तुम्ही तरी मुके होऊ नका.